दरीकडे झुकताना

श्रोतेहो, नमस्कार.

मी मूळची जुन्नर तालुक्यातली. शिवनेरी आमच्या अंगणातून दिसायचा. चावंड, हडसर, जीवधन हे किल्ले शाळेच्या सुट्ट्यांत पायाखाली घातले. उतरायचं कसं, हे वेगळं शिकवावं लागलं नाही. अंग डोंगराकडे ठेवायचं, पाऊल पक्कं झाल्याशिवाय भार टाकायचा नाही आणि घसारा आला की सरळ खाली बसून सरकायचं. ही सवय हाडात मुरली होती. ४५व्या वर्षी आल्प्समध्ये स्कीइंग शिकायला उभी राहिले तेव्हा नेमकी तीच सवय मला सोडावी लागली. आज तेच तुम्हाला सांगायचं आहे.

म्युनिकला येऊन तेव्हा मला नऊ वर्षं झाली होती. हवा स्वच्छ असली की शहराच्या दक्षिणेला आल्प्सची पांढरी रांग दिसते. एका हिवाळ्यात काही ओळखीची मंडळी म्हणाली, ‘चल, तासाभरात शिकवतो.’ त्यांनी मला लिफ्टने थेट वर नेलं. तिकडे उतारांना रंग असतात. निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड. मला उभं केलं होतं लाल उतारावर. दोनदा पडले, तिसऱ्यांदा उठायची हिंमतच झाली नाही. शेवटी स्की खांद्यावर घेतल्या आणि कडेकडेने चालत खाली आले. पायी उतरणाऱ्याने उताराच्या कडेनेच चालावं असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त घाबरून कडेला राहिले होते. खाली पोहोचायला दोन तास लागले आणि ते दोन तास मी रडत होते. त्या मंडळींच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ज्याला एखादी गोष्ट लहानपणापासून येते, त्याला ती न येणं म्हणजे काय हे आठवत नाही.

वर्षभराने मी स्वतःहून स्की शाळेत नाव घातलं, ऑस्ट्रियातल्या सांक्ट आंटोन या गावात. सुमारे १,३०० मीटर उंचीवरचं हे गाव आर्लबर्ग खिंडीच्या पायथ्याशी आहे आणि १८८४ पासून तिथे रेल्वे जाते. अवघड उतारांसाठी ते प्रसिद्ध आहे, म्हणून मैत्रिणी म्हणाल्या, नवशिक्याने तिथे कशाला जायचं? पण मला तिथेच जायचं होतं, कारण आज जगभर स्कीइंग ज्या पद्धतीने शिकवतात ती पद्धत त्या गावात घडली.

हानेस श्नायडर नावाचा माणूस. जन्म १८९०चा, शेजारच्याच श्टुबेन गावातला. १९०७ साली, म्हणजे ऐन सतराव्या वर्षी, तो सांक्ट आंटोनमध्ये पाहुण्यांना स्की शिकवू लागला. पहिल्या महायुद्धात त्याने पहाडी सैनिकांना शिकवलं आणि १९२१ मध्ये गावात रीतसर शाळा काढली. मला त्याची सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट साधी आहे. त्याने शिकणाऱ्यांचे इयत्तांसारखे वर्ग पाडले. ज्याला जे येतं त्या वर्गात तो उभा राहील. आधी नांगर, मग एक स्की उघडून वळणं, मग दोन्ही स्की जुळवून वळणं. एक टप्पा अंगात भिनला की पुढचा वर्ग. त्याआधी स्कीइंग शिकवणारं कोणी नव्हतं असं नाही. ऑस्ट्रियातल्याच लिलियेनफेल्ड गावच्या माथियास झ्डार्स्कीने १८९०च्या दशकातच एका लांब काठीच्या आधाराने उतरण्याचं तंत्र बसवलं होतं. पण भित्र्या माणसाला पायरी-पायरीने वर आणणारी शाळा ही श्नायडरची देणगी. मार्च १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेताच त्याला अटक झाली. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत न्यू हॅम्पशरला गेला, तिथेही शिकवत राहिला आणि १९५५ मध्ये तिथेच वारला. ज्या गावाला त्याने नाव मिळवून दिलं, तिथून त्याला असं जावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं.

तर, नांगर. जर्मनमध्ये शब्द आहे ‘पफ्लूग’, आणि त्याचा अर्थ खरोखरच नांगर. स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, मागची लांब करायची आणि टाचांनी बर्फ बाहेर ढकलायचा. वेग कमी होतो, थांबताही येतं. मुलांच्या वर्गात याला ‘पिझ्झा’ म्हणतात, कारण आकार तुकड्यासारखा होतो. मला मात्र नांगरच आवडला. वडील रुमण्यावर भार देऊन फाळ जमिनीत घालायचे, ते आठवलं.

आम्ही सहा जण होतो. शिक्षक साठीचे, उन्हाळ्यात गुरं सांभाळणारे. हजार मीटरच्या वर कोणी कोणाला अहो-जाहो करायचं नाही, ही तिथली रीत, म्हणून पहिल्या मिनिटापासून सगळे अरे-तुरेवर. पहिली सकाळ सपाटीवरच गेली. एकाच पायात स्की घालून दुसऱ्या पायाने ढकलत चाललो. मग आडवं उभं राहून एकेक पाऊल वर चढलो. पडल्यावर उठायचं कसं, तेही शिकलो. आधी दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, मग उठायचं. नाहीतर उठता उठता घसरतो आपण. हे कोणी लाल उतारावर सांगितलं असतं तर!

दुसऱ्या दिवशी वळणं आली आणि माझी जुन्नरची सवय आडवी आली. वळताना एका क्षणी स्कीची टोकं सरळ खाली, दरीकडे होतात. तो क्षण आला की माझं अंग मागे जायचं. मागे गेलं की भार स्कीच्या शेपटांवर, टोकं हलकी. हलकी टोकं बर्फ धरत नाहीत, वळत नाहीत आणि स्की सुसाट सुटतात. म्हणजे वाचण्यासाठी जे करत होते, त्यानेच पडत होते. शिक्षक ओरडायचे, ‘नडगी! नडगी जिभेवर!’ स्की बुटाला पुढे जाड जीभ असते. नडगी तिच्यावर सतत दाबलेली राहिली, तरच अंग पुढे आहे असं समजायचं.

अकराव्यांदा की बाराव्यांदा पडले तेव्हा ते माझ्याजवळ आले आणि गुडघ्यावर बसले. हातमोजा काढून त्यांनी बर्फाचा लिंबाएवढा गोळा वळला आणि माझ्या बुटापासून सोडून दिला. गोळा आधी हळू, मग भराभर, किंचित डावीकडे झुकत खाली गेला. ‘डोंगराचं म्हणणं हे आहे,’ ते म्हणाले. ‘तू त्याच्याशी भांडतेस. गोळा गेला तिकडे छाती कर, आणि उजव्या पायावर उभी राहा.’ नांगरात उजव्या स्कीवर भार दिला की डावीकडे वळतो आपण. मी छाती दरीकडे केली. पोटात खड्डा पडला. नडगीला जिभेचा कडक दाब लागला, उजव्या पायाखाली बर्फ खरवडल्याचा लांब आवाज आला आणि मी डावीकडे तोंड करून उभी होते. न पडता. एकच वळण ते. त्या रात्री झोपेतही माझा उजवा पाय दाबला जात होता.

एक लिफ्टचंही सांगते. एक लिफ्ट असते, तिला उलट्या टी अक्षरासारखी दांडी असते. ती मांड्यांच्या मागे येते आणि माणसाला वर ओढत नेते. तिच्यावर बसायचं नाही, फक्त उभं राहायचं. बसला की खाली. भाड्याचे बूट घेताना वेळ काढा, जाड मोजा एकच घाला, दोन नको. आणि मोठ्या वयात शिकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. नवऱ्याकडून, मुलांकडून, मित्रांकडून शिकू नका. शाळेत जा. आणि तिथेही ‘मला अजून याच उतारावर राहायचं आहे’ हे मोकळेपणाने म्हणा.

पाचव्या दिवशी निरोप घेताना शिक्षकांनी मैदानातल्या पाट्यांकडे बोट दाखवलं. प्रत्येक वर्गाची एकेक पाटी असते, तिच्याजवळ सकाळी जमायचं. ‘पुढच्या वेळी इथे नाही, त्या पाटीपाशी उभी राहा,’ ते म्हणाले.

पुढच्या जानेवारीत मी त्या पाटीपाशी जाऊन उभी राहिले. रात्री बर्फ सपाट करणारी यंत्रं फिरून गेली होती. समोरच्या निळ्या उतारावर वरपासून खालपर्यंत बारीक, सरळ सऱ्या पडल्या होत्या, नुकत्याच कुळवलेल्या रानासारख्या. त्यांच्यावर अजून कोणाचीच स्की उमटली नव्हती.