शेपटीची पट्टी

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या घरी पाहुणे आले की आधी खोकी हलवावी लागतात, मग त्यांना बसायला जागा होते. शाळांना आणि वाचनालयांना मुलांची पुस्तकं पुरवायचा हा धंदा आजोबांनी सुरू केला, बाबांनी वाढवला. आता बिलं मी करते, खोकी धाकटा भाऊ बांधतो आणि आमच्या दोघांच्या चुका आई काढते.

यादी येते, कोटेशन जातं, ऑर्डर येते, पुस्तकं जातात, आणि पैसे यायचे तेव्हा येतात. धंदा म्हणावा तर एवढाच. पण यादी करणाऱ्यांना एक विनंती आहे. नुसतं नाव लिहू नका, आयएसबीएन लिहा. मागच्या कव्हरवर बारकोडपाशी असतो तो क्रमांक, 2007 पासून 13 आकडी झालेला. एकाच पुस्तकाच्या जाड पुठ्ठ्याच्या आवृत्तीचा क्रमांक वेगळा आणि साध्या कागदी कव्हरच्या आवृत्तीचा वेगळा. दुसरं, बांधणी विचारा. नुसत्या गोंदावर चिकटवलेली पानं घरात एका मुलाच्या हातात टिकतात. वाचनालयात एकामागून एक चाळीस हात लागतात, तिथे दोऱ्याची शिवणच हवी. परत सांगते, क्रमांक लिहा आणि शिवण आहे का ते विचारा. हे मी इतकं घोळवून का सांगतेय, त्याचीच गोष्ट आहे.

मी तेव्हा कॉलेजात होते. एका शाळेतून बाईंचा फोन आला, "तुमचं पुस्तक दोन महिन्यांत फुटलं हो!" चूक आमचीच होती. शिवणीचं म्हणून गोंदाचं पाठवलं होतं. बाबा लगेच निघाले, मीही गेले बरोबर.

वर्गाबाहेर दहा-बारा मुलं भिंतीला टेकून ओळीनं बसली होती आणि प्रत्येकाच्या हातात एकेक सुटं पान. वाचून झालं की शेजाऱ्याकडे सरकवायचं आणि ओरडायचं, "पुढचं!" बाबांनी बदलून द्यायला नवं पुस्तक आणलं होतं. ते बघून एक मुलगा म्हणाला, "काका, पण हे एकालाच वाचता येईल."

बाबा काय बोलणार? नवं पुस्तक बाईंकडे दिलं आणि सुटी पानं शिवून आणतो म्हणून गोळा करून घेतली. वयाचं म्हणाल तर ती मुलं तिसरीपासून सातवीपर्यंतची होती, आणि पुस्तकावर छापलं होतं 'वय 4 ते 6'. हे वयाचे शिक्के कोण मारतं, मला एकदा त्या माणसाला भेटायचंय. आणि शिक्क्यावरून आठवलं, वाचनालयाचा शिक्का चित्रातल्या माणसाच्या तोंडावर मारू नये हो. कोरी जागा असते की पानावर! असो.

रात्री घरी पानं जमिनीवर मांडली. 32 पानांचं चित्रपुस्तक, म्हणजे 16 सुटे कागद. आणि पृष्ठक्रमांक एकाही पानावर नाही. पुष्कळ चित्रपुस्तकांत ते नसतातच. आता क्रम लावायचा कसा? ज्यावरून लावलं असतं ते नवं पुस्तक आम्ही शाळेत ठेवून आलेलो. बाबा चश्मा कपाळावर चढवून रात्री अकरापर्यंत कोल्ह्याची गोष्ट जुळवत होते. कोल्हा कुंपणात अडकायच्या आधीच सुटत होता.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन परत शाळेत. नवं पुस्तक कपाटात आणि कपाटाची किल्ली असलेल्या बाई रजेवर. मुलांना पानं दिली, तर त्यांनी दोन मिनिटांत सगळी ओळीनं लावली. एकाच पानावर गाडं अडलं. झाडाखाली झोपलेला कोल्हा, अक्षर एक नाही. निम्मी मुलं म्हणाली, हे पहिलं पान, कोल्हा अजून उठायचाय. निम्मी म्हणाली, शेवटचं, दमून झोपलाय. आवाज चढले. तेवढ्यात मागून एक मुलगी पुढे आली, नखं कुरतडून कुरतडून लाल केलेली. तिनं शेपटीच्या टोकावर बोट ठेवलं. "पट्टी बांधलीय. कुंपणाची तार लागल्यावरचं आहे हे."

बाबांनी चश्मा काढला आणि पान नाकाला लावलं. शेपटीवर सुतासारखी पांढरी रेघ होती. आदल्या रात्री आम्ही दोघांनी ते पान वीसेक वेळा तरी उचललं असेल.

पान शेवटी लागलं. गठ्ठा बाइंडरकडे गेला. आता सुट्या कागदांना घडी नसते, म्हणून शिवण घडीतून घालता येत नाही. कडेनं भोकं पाडून दोरा ओवावा लागतो, आणि त्यात आतल्या बाजूचा बोटभर कागद खर्ची पडतो. पुस्तक आलं ते दगडासारखं पक्कं. बाबांनी खूश होऊन शेवटचं पान उघडलं. कोल्हा झोपलेला होता, झाड होतं. शेपटीचं टोक पट्टीसकट शिवणीत गेलं होतं.

बाबांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "त्या मुलीला दाखवायला तू जा," म्हणाले, "मला जरा बिलं करायची आहेत."

नमस्कार.