मुद्दाम वाकडी

(सकाळ. कालव्यावर धुकं. समोर लाकडी घर.)

व्हेनिसमधला सान मार्कोचा चौक आम्ही टाळला. तो तुम्ही कॅलेंडरवर पाहिलाय. हे घर बघा.

व्हेनिस म्हणजे दगडविटांचं शहर, आणि त्यात हे उतरत्या छपराचं, लाकडी सज्जाचं घर. डोंगरातलं घर वाट चुकून पाण्यावर आल्यासारखं. तसंच आहे ते. आल्प्समधल्या कादोरेहून इथे लाकूड यायचं, सुतारही यायचे. सतराव्या शतकात त्यांनी गावाकडच्या धाटणीवरच हे बांधलं. खाली नावा घडवायचं आणि दुरुस्त करायचं आवार. व्हेनिसच्या बोलीत त्याला म्हणतात स्क्वेरो. हा सान त्रोव्हासोचा स्क्वेरो.

(उतारावर पालथ्या नावा. खरवडण्याचा आवाज.)

तळाला धरलेलं शेवाळ निघतंय.

(फळी, पाणी, जाळ.)

इथली नाव म्हणजे गोंडोला, व्हेनिसची लांब, वल्ह्यानं चालणारी नाव. एका गोंडोलात सुमारे २८० तुकडे. लाकूड आठ जातींचं: ओक, एल्म, लार्च, अक्रोड, चेरी… ज्याचं त्याचं काम ठरलेलं. फळीला बाक द्यायची जुनी रीत अशी: एका अंगाला पाणी मारायचं, दुसऱ्या अंगाला पेटत्या बोरूचा शेक द्यायचा. फळी हळूहळू वळते. घाई केली की तडकते.

आता नाळेसमोर, म्हणजे पुढच्या टोकासमोर, उकिडवं बसून नाव न्याहाळा. सरळ नाही ना? अकरा मीटर लांबीची ही नाव डावीकडे जास्त फुगलेली आहे, उजवीपेक्षा चोवीस सेंटिमीटरनं. नावाडी एक, वल्हं एक, तेही उजव्या अंगाला. साधी नाव दर फटक्याला डावीकडे तोंड फिरवेल. म्हणून हिला घडवतानाच वाकडी केली. रिकामी असली की उजवीकडे कलते. नावाडी मागे डाव्या बाजूला उभा राहिला की तोल येतो.

(अकादेमिया चित्रदालन. कार्पाच्चोचं चित्र.)

व्हित्तोरे कार्पाच्चोनं १४९०च्या दशकात रंगवलेला हा पवित्र क्रुसाच्या अवशेषाचा चमत्कार. चमत्कार बिचारा डावीकडे वर, सज्जात. बाकी सगळा कॅनव्हास रिआल्तो या बाजारपेठेचा: तेव्हाचा लाकडी पूल, धुराड्यांची रांग आणि पाण्यावर गोंडोला, अंगावर रंगीत कपडे घातलेल्या नावाड्यांच्या. पुढे श्रीमंतांचा नावांवरचा थाट इतका वाढला की सरकारला कायदे करून तो आवरावा लागला. आजचा काळा रंग तिथला. आणि वाकडेपणाचं श्रेय दिलं जातं दोमेनिको त्रामोंतिन या कारागिराला. त्यानं आपला स्क्वेरो काढला १८८४ साली. म्हणजे कार्पाच्चोनंतर जवळजवळ चारशे वर्षांनी.

(हातात फोर्कोला. बोट खाचेवरून फिरतं.)

ही फोर्कोला, वल्ह्याचं टेकण. अक्रोडाच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेली. या खाचेत वल्हं टेकवलं की नाव पुढे, त्या कोपराला लावलं की मागे, इथे की जागच्या जागी वळण. नावाड्याची उंची आणि ढब बघून ती घडवतात. घडवणारा तो रेमेर. हौशी लोक शिल्प म्हणून दिवाणखान्यात मांडतात. मांडोत, पण लाकूड गुळगुळीत होतं ते वल्ह्यानं.

(मोटरबोट. पायऱ्यांवर आदळणारी लाट.)

मोटरबोटींच्या लाटा घरांचे पाये खातात. जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाख माणसं होती, २०२२ साली पन्नास हजारही उरली नाहीत. स्क्वेरो बोटांवर मोजण्याइतके.

(पुन्हा आवार. दुपार.)

नाव उलथून सरळ केली. चौघांनी हात लावला. उतारावरून ती घसरली, पाण्याला लागली, आणि उजवीकडे कलली.