चेहरा घासण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या चेहऱ्याची त्वचा रोज झडत असते. तळाच्या थरात तयार झालेली पेशी हळूहळू वर सरकते, वर येता येता चपटी आणि कडक होते, मरते, काही दिवस संरक्षक आवरण म्हणून काम करते आणि शेवटी आपल्या नकळत गळून पडते. तरुण वयात या सगळ्या प्रवासाला साधारण २८ दिवस लागतात. वय वाढते तसा हा काळ लांबत जातो. सर्वांत वर मृत पेशींचा जो थर असतो, त्यात सुमारे १५ ते २० पापुद्रे असतात, आणि तरीही चेहऱ्यावर त्याची एकूण जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याहून फारशी अधिक भरत नाही.

मृत पेशींचा म्हणून हा थर टाकाऊ समजण्याची चूक करू नये. या पेशी कौलांसारख्या एकमेकींवर रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटी सेरामाइड (त्वचेतलाच एक स्निग्ध पदार्थ), कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांच्या मिश्रणाने बुजलेल्या असतात. आतले पाणी उडून जाऊ नये आणि बाहेरची धूळ, जंतू व रसायने आत शिरू नयेत, ही जबाबदारी मुख्यतः याच थराची आहे. पेशींना एकमेकींशी जोडणारे प्रथिनांचे दुवे योग्य वेळी तोडण्यासाठी त्वचेकडे स्वतःची विकरे, म्हणजे एन्झाइम्स, असतात आणि त्यांना काम करायला ओलावा लागतो. कोरड्या थंडीत, दिवसभर वातानुकूलित खोलीत बसल्याने किंवा चेहरा अंगाच्या साबणाने पुन्हा पुन्हा धुतल्याने हा ओलावा कमी झाला, की दुवे वेळेवर तुटत नाहीत, पेशी पुंजक्यांनी अडकून राहतात आणि चेहरा राठ व निस्तेज दिसू लागतो. पीएच हे आम्लता मोजण्याचे माप आहे, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त; निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच ५ च्या आसपास असतो, तर वडीच्या साबणाचा सहसा ९ ते १०. त्यामुळे कित्येकांच्या बाबतीत नुसता साबण बदलला तरी स्क्रबची गरज उरत नाही.

अडकून राहिलेल्या या पेशी हलक्या हाताने मोकळ्या करणे, एवढेच आपण घरी करू शकतो. त्यामुळे चेहरा हाताला मऊ लागतो आणि पृष्ठभाग सपाट झाल्याने प्रकाश एकसारखा परावर्तित होऊन तुकतुकी येते. रंग मात्र बदलत नाही. रंग ठरवणारे मेलॅनिन तळाच्या थरातील पेशी तयार करतात, आणि तिथपर्यंत घासत जाणे म्हणजे जखम करून घेणे होय. उन्हाने रापलेला चेहरा एका बैठकीत उजळून देण्याचे आश्वासन पार्लरच्या पाटीवर वाचायला बरे वाटते. जोरात घासल्यानंतर आरशात दिसणारी लाली ही बहुतेक वेळा तेज नसून दाह असतो.

घासायला घेण्याआधी आपण नेमके काय काढू पाहत आहोत, हे नीट पाहिले पाहिजे, कारण मळ किंवा मृत त्वचा समजून घासल्या जाणाऱ्या कित्येक गोष्टी प्रत्यक्षात वेगळ्याच असतात. मानेच्या मागच्या बाजूला आणि कधी कपाळाच्या कडेलाही जाडसर, मखमली, काळपट त्वचा दिसते. घरातली मोठी माणसे ‘मान नीट घासत नाहीस’ म्हणून मुलांना रागावतात आणि त्यांच्या हातात लिंबाची फोड नाहीतर पायाची वजरी देतात. हा मळ नव्हे. पुष्कळदा ते वाढलेल्या वजनाचे आणि शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नसल्याचे लक्षण असते, आणि अशा मुलाची किंवा मुलीची रक्तशर्करा तपासून घेणे हे मान घासत बसण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे ठरते. नाकाच्या कडेला आणि भुवयांत येणारे पिवळसर, तेलकट पापुद्रे हा बहुधा डोक्यातल्या कोंड्याचाच चेहऱ्यावरचा प्रकार असतो. तो घासल्याने चिघळतो आणि बुरशीवरच्या औषधाने आटोक्यात येतो. लहान मुलांच्या गालांवर येणारे फिकट, किंचित खवलेदार चट्टे आपल्याकडे कॅल्शियमची कमतरता किंवा जंत यांच्या माथी मारले जातात, पण तो सहसा सौम्य इसबाचा एक प्रकार असतो आणि त्याला मॉइश्चरायझर व उन्हापासून बचाव लागतो. मुंबईत किंवा कोकणात दुपारी चेहऱ्याला जो चिकटपणा येतो तो घामाचा आणि तेलाचा असतो. त्यासाठी सौम्य फेसवॉश पुरतो. उलट विदर्भातल्या थंडीत गालांवरून सुटणारे कोरडे पापुद्रे ही ओलाव्याची मागणी असते. राहिले मुरूम. सुजलेल्या मुरमांवरून खरखरीत स्क्रब फिरवला, तर ते फुटतात, दाह पसरतो आणि मागे डाग किंवा खड्डे राहतात.

डागांचा हा मुद्दा आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेतल्या पेशी मेलॅनिन अधिक प्रमाणात तयार करतात आणि त्यामुळे उन्हापासून आपले काही अंशी रक्षणही होते. परंतु अशा त्वचेला थोडासा जरी दाह झाला, मग तो ओरखड्याचा असो, आम्लाचा असो की मुरमाचा, तरी त्या जागी तपकिरी डाग उमटतो आणि महिनोन्महिने जात नाही. गोऱ्या त्वचेसाठी सांगितलेली आम्लांची मात्रा म्हणूनच आपण डोळे झाकून उचलू नये. ज्यांच्या गालांवर वांग आहे, त्यांनी तर घासून तो घालवण्याचा नाद पूर्णपणे सोडावा. नायलॉनच्या घासणीने वर्षानुवर्षे अंग घासल्यामुळे खांद्यांवर आणि पाठीच्या हाडांवर काळे पट्टे पडलेली माणसे आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांना नेहमी भेटतात. काळेपणा जावा म्हणून घासायचे आणि घासल्यामुळेच तो वाढवायचा, असे हे चक्र असते.

आता स्वयंपाकघरातल्या वस्तूंकडे वळू. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात आधी तेल आणि मग उटणे असा जो क्रम आहे, त्यात मोठे शहाणपण आहे, कारण तेलामुळे घर्षण कमी होते. उटणे वस्त्रगाळ असेल, ते दुधात किंवा पाण्यात काही मिनिटे भिजवून मऊ केलेले असेल आणि बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवले, तर बहुतेकांना चेहऱ्यालाही ते चालते. भरड दळलेली संत्र्याची साल किंवा वाळ्याचे तुकडे असलेले उटणे मात्र हातापायांपुरते ठेवावे. उटण्याच्या काही पारंपरिक मिश्रणांत बावचीही घालतात. बावचीच्या बियांत सोरालेन असते आणि ते त्वचेला सूर्यप्रकाशाबाबत हळवे करते. कोडावरच्या उपचारांत तिचा हाच गुण उपयोगी पडतो. तेव्हा उटणे लावून लगेच उन्हात हिंडायचे असेल, तर पुडीवरची घटकांची यादी एकदा वाचून घ्यावी. डाळीचे पीठ आणि दही हा जोड सौम्य आहे, कारण दह्यातले लॅक्टिक आम्ल अगदी थोडे असते. मसूर डाळ मात्र भिजवून गंधासारखी बारीक वाटलेली हवी. साखर आणि मीठ यांचे खडे चेहऱ्यासाठी फार टोकदार असतात, आणि अक्रोडाच्या कवचाचा चुरा घातलेल्या तयार स्क्रबबद्दलही माझे मत हेच आहे.

लिंबू चेहऱ्यावर चोळू नये, हे मी अधिक आग्रहाने सांगेन. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो, म्हणजे त्वचेच्या मानाने तो शेकडो पटींनी आम्लधर्मी ठरतो. शिवाय कागदी लिंबाच्या सालीत आणि रसातही बावचीतल्यासारखीच द्रव्ये असल्यामुळे, रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले, तर तिथे भाजल्यासारखे फोड येऊन काळे चट्टे राहू शकतात. खाण्याचा सोडा दुसऱ्या टोकाचा, म्हणजे अल्कधर्मी, आणि कच्च्या पपईचा चीक आग करणारा, दोन्ही टाळावेत. टूथपेस्ट दातांसाठीच ठेवावी.

औषधांच्या आणि प्रसाधनांच्या दुकानांत मिळणारी आम्ले हा दुसरा मार्ग आहे. उसात आढळणारे ग्लायकोलिक आम्ल, दुधापासून ओळखले जाणारे लॅक्टिक आम्ल आणि कडू बदामाशी नाते सांगणारे मॅन्डेलिक आम्ल ही पेशींमधले दुवे सैल करतात. ग्लायकोलिकचा रेणू यांत सर्वांत लहान असल्याने ते लवकर आत शिरते आणि लवकर झोंबतेही. म्हणून हळव्या किंवा सावळ्या त्वचेने सुरुवात लॅक्टिक किंवा मॅन्डेलिकपासून करावी, असे मला वाटते. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळते, त्यामुळे तेलकट चेहऱ्याला आणि नाकावरच्या काळ्या ठिपक्यांना ते अधिक उपयोगी पडते; घरगुती उत्पादनांत ते सहसा अर्धा ते २ टक्के असते. अमेरिकेतल्या प्रसाधन-परीक्षकांच्या तज्ज्ञमंडळाने ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्ल असलेली घरगुती उत्पादने १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ पेक्षा कमी नसल्यास सुरक्षित मानली आहेत, तीही उन्हापासून संरक्षणाची अट घालून. पहिल्यांदाच वापरणाऱ्याने ५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. ऑनलाइन बाजारात ३० टक्क्यांपर्यंतचे पील, म्हणजे त्वचेचा वरचा थर सोलून काढणारी तीव्र आम्ले, कुणालाही घरपोच मिळतात. ते आणून वापरणे म्हणजे जोखमीचे काम आपल्या हातांनी स्वतःवर करून घेणे आहे.

नवी वस्तू आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लागोपाठ तीन-चार दिवस लावून पाहावी. काही झाले नाही, तर चेहऱ्यासाठी रात्रीची वेळ निवडावी, कारण नंतर लगेच ऊन नसते. कोमट पाण्याने आणि सौम्य फेसवॉशने चेहरा धुवावा. स्क्रब किंवा उटणे असेल, तर ते ओल्या त्वचेवर, बोटांनी गोलाकार, अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ न फिरवता धुऊन टाकावे. आम्लाचे सीरम असेल, तर ते चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर पातळ लावावे. डोळ्यांभोवतीची जागा, ओठांच्या कडा आणि नाकपुड्यांच्या घड्या सोडून द्याव्यात. स्क्रब किंवा उटणे धुतल्यावर चेहरा मऊ पंचाने टिपून घ्यावा, आणि शेवटी मॉइश्चरायझर लावले की झाले. त्या रात्री दुसरे काही लावू नये, विशेषतः रेटिनॉल, म्हणजे सुरकुत्या व मुरमांसाठीच्या क्रीममधले ‘अ’ जीवनसत्त्वाचे रूप. आठवड्यातून एकदा एवढे बहुतेकांना पुरेसे आहे आणि तेलकट त्वचेला फार तर दोनदा. स्क्रब आणि आम्ल दोन्ही एकाच आठवड्यात नकोत. दुसऱ्या दिवसापासून सकाळी किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन, तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतके घेऊन, न चुकता लावावे आणि उन्हात असल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावावे. आम्ले बंद केल्यावरही साधारण आठवडाभर त्वचा उन्हाला अधिक हळवी राहते, हे ध्यानात असावे.

ट्रेटिनॉइन, ॲडापॅलिन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड लावणाऱ्यांनी, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, तसेच इसब, रोझेशिया (चेहऱ्यावर वारंवार लाली येण्याचा विकार) किंवा ओठांवर वारंवार येणारे ज्वराचे फोड असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांपैकी काही करू नये. वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग झाल्यावर काही दिवस थांबावे. दाढी करणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत तर वस्तरा स्वतःच वरच्या पेशी खरवडून काढत असतो, त्यामुळे दाढीच्या दिवशी गाल वेगळे घासण्याची गरज नसते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींची त्वचा इतक्या वेगाने नवी होत असते की त्यांना यातले काहीच नको.

अतिरेक झाला, तर त्वचा तसे सांगते. साधे पाणी झोंबते, चेहरा ताणल्यासारखा आणि मेणासारखा चकचकीत दिसतो, नेहमीचे मॉइश्चरायझर चुरचुरते, बारीक पुरळ उठते. अशा वेळी सगळी सीरम, पॅक आणि स्क्रब बंद करून दोन ते चार आठवडे केवळ सौम्य फेसवॉश, सेरामाइडयुक्त मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढ्यावर राहावे. कुणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून गोरेपणाची ट्यूब मात्र आणू नये, कारण अशा मलमांत पुष्कळदा स्टिरॉइड असते. दाह दोन दिवसांत शमल्यासारखा वाटतो, आणि पुढे तेच मलम त्वचा पातळ करते, लव वाढवते आणि सोडू म्हटले तर चेहरा भडकतो. अशी अनेक स्टिरॉइड मलमे केंद्र सरकारने २०१८ साली चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांत घातली, तरी ती काउंटरवर सहज मिळत राहतात. फोड आले, पाणी सुटू लागले किंवा डाग गडद होत चालला, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, आणि जाताना घरात वापरात असलेल्या सगळ्या ट्यूब, बाटल्या आणि पार्लरमधून आणलेली बिनलेबलची डबीसुद्धा पिशवीत घालून बरोबर न्यावी, म्हणजे चेहऱ्याला काय काय लागले आहे हे डॉक्टरांना अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

नमस्कार.