गडाच्या वाटेवर पाठीवर किती?

नमस्कार श्रोतेहो.

रामनवमी जवळ आली की खान्देशात गल्लोगल्ली एकच विषय असतो, यंदा गडावर पायी कोण कोण निघालंय? चोपडा, शिरपूर, अमळनेर, धुळे, गावोगावचे जथे निघतात आणि चैत्र पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगीच्या पायऱ्यांशी पोचतात. वर्गणी, झेंडे, टेम्पो, आचारी, सगळ्याची चर्चा होते. पिशवीत काय भरायचं, हे मात्र आदल्या रात्री ठरतं, तेही घरचे ठरवतात. आई गोधडी कोंबते, बायको फराळाचे डबे. मग एखादे आजोबा ओट्यावरून विचारतात, "इतलं वझं कसाले रे भो?" त्यांचं बरोबर असतं.

तुम्ही म्हणाल, टेम्पो आहे ना सोबत! आहे. पण तो सकाळीच पुढच्या मुक्कामाला जाऊन उभा राहतो. आर्वी सोडून तुम्ही झोडग्याच्या दिशेने चालताय, ऊन डोक्यावर आलंय, टाच चुरचुरायला लागलीय, आणि चिकटपट्टी टेम्पोत. म्हणून सामानाचे दोन भाग करा. टेम्पोत एक लहान पिशवी आणि पाठीवर त्याहून लहान. पाठीवर पाणी धरून चार किलोंच्या वर जाऊ देऊ नका. त्यातले दोन किलो तर दोन लिटर पाण्याचेच झाले. तिथे काटकसर नको, बाकी सगळीकडे करा.

आता कपडे. गिर्यारोहणाची माहिती वाचली तर पहिलं वाक्य दिसतं, सुती कपडा नको. थंड, ओल्या डोंगरात ते खरंच आहे. ओला सुती कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. पण चैत्रात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा आपल्याला नेमकं तेच हवं असतं. घाम कापडात मुरतो, कोरड्या हवेत उडतो आणि अंग गार पडतं. म्हणून पातळ सुती, सैल, पूर्ण बाह्यांचा सदरा घ्या. अर्ध्या बाह्यांचा नको, हात भाजतात. असे दोन जोड पुरतात, एक अंगावर, एक पिशवीत. दुपारच्या मुक्कामी हापशावर सदरा खळबळून निंबाच्या फांदीवर टाका, पंगत उठेपर्यंत वाळलेला असतो. चार-चार जोड नेणाऱ्यांचे अर्धे कपडे घडी न मोडता परत येतात.

जीन्स मात्र घरीच राहू द्या. जड असते, वाळत नाही आणि शिवण मांड्यांना घासते. ज्यांच्या मांड्या घासतात त्यांनी निघण्याआधीच व्हॅसलीन नाहीतर खोबरेल तेल लावावं. लाजण्यासारखं त्यात काही नाही. टर्किश टॉवेलऐवजी पंचा घ्या. आणि आपला बागायती रुमाल! डोक्याला बांधा, ओला करून मानेवर टाका, रात्री उशाला घ्या. एवढी कामं करणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

गोधडी दोन-तीन किलोंची असते. तिच्याऐवजी एक सुती चादर पुरे. गडावर पहाटे गारवा असतो, तेवढ्यापुरता एक पातळ स्वेटर टेम्पोत ठेवा.

हेच सामान घेऊन मुक्ताईनगरहून आषाढीच्या वारीला निघाल तर मात्र पंचाईत होईल. तिथे महिन्याहून अधिक चाल, वरून पाऊस. दमट हवेत सुती सदरा दोन-दोन दिवस ओला राहतो. तिथे पातळ टेरिकॉट किंवा खेळाडूंचा पॉलिस्टर टी-शर्ट बरा, आणि कपडे बांधायला प्लॅस्टिकची पिशवी हवीच.

पायांबद्दल थोडं सविस्तर सांगतो. फोड येतो तो घर्षणाने आणि ओलाव्याने. नवे बूट घालून निघणं म्हणजे फोडांना आमंत्रणच. महिनाभर वापरलेले, बोटांपुढे थोडी जागा राहील असे बूट घ्या, कारण उन्हात चालून पाय सुजतात. मोज्यांचे तीन जोड ठेवा. मोजे ओले झाले की बदला, काढलेले पिशवीला बाहेरून अडकवा. टाचेवर एक ठिकाण गरम लागायला लागलं की तिथेच, रस्त्याच्या कडेला बसा आणि चिकटपट्टी लावा. "पुढच्या झाडाखाली बघू" म्हणाल तोवर फोड तयार होतो.

खाण्याचं ओझं नकोच. वाटेत गावकरी चहा, पोहे, पन्हं घेऊन उभे असतात. दोन दशम्या, गूळ-शेंगदाणे आणि ओआरएसची पाकिटं पुष्कळ झाली. पाकीट संपलं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, चमचा चहाचा. मीठ वाढवू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या टेम्पोत नाही, अंगावर ठेवा.

ऊन टाळायला पहाटे तीन-चारला निघता आणि रात्रीही चालता. आग्रा रोडवरची वाहनं तुम्ही जाणताच. छोटी बॅटरी हवी आणि पिशवीला, सदऱ्याच्या पाठीला चमकणाऱ्या पट्ट्या. पन्नास ग्रॅमसुद्धा वजन नाही. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, एका रांगेत चाला.

पिशवी भरली की किराणा दुकानात काट्यावर ठेवून बघा. चार किलोंच्या वर गेली तर दुकानदारासमोरच उघडा.