हापूसचं वर्षाआड आणि तीन मिलीचा हिशोब

जुलैचा उत्तरार्ध. पावसाला जोर आहे, मोहोराला अजून चार-पाच महिने आहेत. तरी आंबा बागेतलं सगळ्यात नेमकं काम कोकणात याच दिवसांत होतं, आणि ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाने शिकवलेलं आहे.

१८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठापुढे हापूसची दोन दुखणी होती. एक साका: बाहेरून देखणं फळ, कापलं की आत पांढरट, आंबूस गर. दुसरं वर्षाआड येणारं पीक. नीलम जातीचा आंबा दरवर्षी धरतो, म्हणून त्याचा हापूसशी संकर झाला. १९८१ मध्ये आलेला ‘रत्ना’ दरवर्षी फळतो आणि त्यात साका नाही. रत्ना पुन्हा हापूसशी जुळवून पातळ कोयीचा ‘सिंधू’ झाला. दोन्ही फळं सरस. पण गिऱ्हाईक हापूसच मागतं. मग आधीच लागलेल्या हापूसच्या बागांचं काय?

भरपूर फळलेलं झाड थकतं. पुढच्या हंगामात ते पालवी काढत राहतं, डहाळी जून होत नाही, आणि कोवळ्या डहाळीवर मोहोर येत नाही. या वाढीमागे जिबरेलिन हे झाडातलं संजीवक असतं. पॅक्लोब्युट्राझोल हे औषध ते तयार होण्यालाच आळा घालतं. बागायतदार त्याला कल्टार म्हणतात.

आता हिशोब. झाडाचा विस्तार पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर मोजायचा, सरासरी काढायची. ८ मीटर आणि ७ मीटर भरला, तर साडेसात. दर मीटरला २५ टक्क्यांचं औषध ३ मिली, म्हणजे या झाडाला साडेबावीस. हे ५ लिटर पाण्यात मिसळायचं. खोड आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध, गोलाकार, पहारीने १० ते १२ सेंटिमीटर खोल २५ भोकं पाडायची. प्रत्येकात २०० मिली ओतून माती लोटायची. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट.

बिघडतं ते बहुधा घाईने. आधी गवत काढलं नाही, तर औषधाचा वाटा गवताची मुळं घेतात. मुसळधार पावसात ओतलं, तर ते वाहून जातं. माती सुकी असली, तर मुळांपर्यंत पोचत नाही. अंदाजाने जास्त घातलं, तर पेरं आखूड होतात, पानं आणि मोहोर गुच्छासारखे दाटतात. आणि हे औषध मातीत दीर्घकाळ टिकतं, त्यामुळे यंदाची चूक पुढच्या वर्षीही दिसते. रोगट, अशक्त किंवा अजून लहान, वाढीला लागलेल्या कलमाला ते देऊच नये.

मोहोर आला म्हणजे काम संपलं, असा समज बागा खालावतो. जास्त फळणाऱ्या झाडाला जास्त खायलाही लागतं. मोठ्या कलमाला वर्षाला ५० किलो शेणखत, शिवाय रासायनिक खताची मात्रा. फळ वाटाण्याएवढं, गोटीएवढं आणि अंड्याएवढं झालं, की तिन्ही वेळा १ टक्का पोटॅशियम नायट्रेटची फवारणी: १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम. फळगळ कमी होते, फळाला वजन येतं.