मेलेली म्हैस उचलायची कुणी आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे?

(गावाबाहेरचा रस्ता, ओढ्याकाठचा उतार, लांबून)

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी, या पट्ट्यातल्या कुठल्याही दूधवाल्या घरात जाऊन विचारा की म्हैस मेली त्या दिवशी काय झालं. आधी किंमत सांगतात. नव्वद हजाराची होती, गाभण होती, सोसायटीचं कर्ज अजून अर्धं फिटायचं आहे. मग थोड्या वेळानं, बहुतेक घरातली बाईच सांगते, की सकाळी मेली आणि तिला गोठ्यातनं बाहेर काढेपर्यंत अंधार पडला, माणसंच मिळेनात.

आम्हाला या व्हिडिओत त्याच दिवसाबद्दल बोलायचं आहे. जनावर गेल्याचं नुकसान सगळे धरतात, बँक धरते, इन्शुरन्सवाला धरतो, सरकारपण थोडंफार धरतं. खरं तिला उचलून नीट पुरायला जो खर्च येतो तो कुठल्याच कागदावर नाही. तो ज्याची म्हैस गेली त्याच्याच खिशातनं जातो, आणि तोही त्याच दिवशी, रोख.

हिशोबच बघूया. मोठी म्हैस किंवा एचएफ (होल्स्टिन जातीची) गाय म्हणजे चारशे-पाचशे किलो वजन. चार माणसांनी ओढून होत नाही. गोठ्याचं दार अरुंद, मागं भिंत, म्हणून दोरखंड लावून ट्रॅक्टरनं ओढायची, मग ट्रॉलीत घालायची, त्याला परत माणसं लागतात. खड्डा माणसांनी काढायचा म्हटला तर दिवस जातो, त्यामुळे जेसीबी. जेसीबीवाला तासाला हजार-बाराशे घेतो आणि अर्ध्या तासाच्या कामाला कोण येत नाही, येण्याजाण्याचं धरून दीड-दोन तासाचे पैसे द्यावेच लागतात. वर कळीच्या चुन्याची पोती, मिठाची पोती, ट्रॅक्टरचं डिझेल, माणसांची मजुरी. सगळं मिळून चार-साडेचार हजार सहज होतात. आता म्हैस दिवसाला सहा लिटर देत होती आणि लिटरला पन्नास रुपये मिळत होते असं धरलं तर दिवसाचे तीनशे, म्हणजे साडेचार हजार म्हणजे पंधरा दिवसांचं दूध, आणि त्यातनं पेंड, भुसा, चारा अजून वजा केलेला नाही. जी म्हैस आता दूधच देणार नाही तिच्यासाठी हे पंधरा दिवसांचं दूध.

आणि हे झालं ज्याच्याकडे जमीन आहे त्याचं. आपल्याकडे एक म्हैस, दोन म्हशी ठेवणारी कितीतरी घरं बिनजमिनीची आहेत. बाई दुसऱ्याच्या शेतात भांगलायला जाते, येताना बांधावरचं गवत कापून आणते, त्यावर म्हैस आणि म्हशीवर पोरांची शाळा. अशा घरातली म्हैस मेली तर पुरायची कुठं? घराला लागून परसात दहा फूट जागा. शेजारचा शेतकरी ऊस उभा असताना कशाला खड्डा काढू देईल, त्याचंही चुकत नाही. पूर्वी गायरान होतं, आता बऱ्याच ठिकाणी त्याच्यावर घरं झाली, शाळा झाली, पाण्याची टाकी झाली, उरलेलं कुणीतरी दाबलं. मग काय होतं तर रात्री ट्रॉली काढायची आणि ओढ्याच्या काठावर, नाहीतर घाटातल्या वळणावर उलटी करायची. लोक करतात, आणि करणाऱ्याला शिव्या घालणं सोपं आहे, खरं त्यानं दुसरं काय करायला पाहिजे होतं ते कुणी सांगत नाही.

त्यात पावसाळा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर जमिनीत पाणीच पाणी असतं, चार फूट खोदलं की खड्डा भरतो. मलप्रभा कणकुंबीलाच उगम पावते, म्हणजे तिथं ओढ्यात जे पडतं ते खाली सगळ्यांच्या पाण्यात जातं. निपाणी-चिकोडीकडे काळी जमीन, पावसात जेसीबी रुततो, बाहेर काढायला दुसरा बोलवावा लागतो. म्हणजे जनावरं जास्त आजारी पडतात तेव्हाच पुरणं सगळ्यात अवघड.

(जुनं चपलांचं दुकान, अथणी)

हे सगळं आधी असं नव्हतं, कारण मेलेल्या जनावराला किंमत होती. कातडं, शिंगं, हाडं, सगळ्याला गिऱ्हाईक होतं. अथणी, मदभावी, निपाणीत ज्या कोल्हापुरी चपला बनतात, ज्यांना २०१८ ला जीआय (अमुक भागाचाच माल म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) मिळाला आणि त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकातले बेळगावसकट चार जिल्हे आहेत, त्या चपलांचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमवलं जायचं, आणि त्यातलं बरंचसं अशाच मेलेल्या जनावरांचं असायचं. आता कातडं नेताना रस्त्यात कुणी अडवेल ही भीती, रेक्झिनचा स्वस्त माल, आणि काम करणारी पुढची पिढी बाहेर पडलेली. त्यामुळे जे उचलायला माणूस स्वतःहून यायचा ते उचलायला आता पैसे देऊन माणूस शोधावा लागतो.

इथं एक गोष्ट सरळ बोलायला पाहिजे. गावाकडची वयस्कर माणसं म्हणतात, "पूर्वी काय टेन्शन नव्हतं ओ, निरोप दिला की येऊन घेऊन जायची." यायची कोण? ठरलेल्या जातीची माणसं, गावकामाच्या सक्तीनं, आणि तेच काम केलं म्हणून त्यांनाच विहिरीपासून लांब ठेवलं जायचं. १९२५ च्या एप्रिलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर निपाणीला बहिष्कृत वर्गाच्या परिषदेला आले होते, आणि दोनच वर्षांनी मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत जे ठराव झाले त्यात स्पृश्य म्हणवणाऱ्यांनी आपली मेलेली जनावरं आपली आपण पुरावीत असंही होतं. जवळजवळ शंभर वर्षं झाली. त्या माणसांनी ते काम सोडलं हे अगदी बरोबर केलं. गावानं मात्र त्याच्या जागी काहीच उभं केलं नाही, ना जागा, ना गाडी, ना पैसे. आणि आज जो कुणी पैसे घेऊन हे काम करतो त्याला हातमोजे, बूट, मास्क आणि पुरेशी मजुरी मिळालीच पाहिजे, ते खर्चात धरायचंच.

दुसरं, म्हातारी जनावरं. कर्नाटकात २०२१ पासून नवा गोहत्या बंदी कायदा लागू आहे, गाय, बैल, वासरू आणि १३ वर्षांखालची म्हैस यात येते. पलीकडे महाराष्ट्रात २०१५ पासून बैलही बंदीत आहे. म्हणजे बॉर्डरच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, भाकड गाय आणि थकलेला बैल विकायचा बाजार राहिला नाही, तो शेतकऱ्याच्या दावणीलाच मरणार. कायदा करताना सांभाळायचा खर्च कुणी करायचा यावर थोडी तरी चर्चा झाली, मेल्यावर पुरायचा खर्च तर चर्चेतसुद्धा नव्हता.

(आभाळ, घारी)

मग उघड्यावर टाकलं तर काय बिघडतं? आधी गिधाडं होती. थवा उतरला की थोड्याच वेळात नुसता सांगाडा राहायचा. गुरांना टोचायचं डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध, ते ज्या जनावराच्या अंगात असतं ते खाल्लं की गिधाडांची किडनी जाते. २००४ ला हे शोधून निघालं, २००६ ला भारतानं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली, तोपर्यंत पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपली होती. फ्रँक आणि सुदर्शन या दोन अर्थतज्ज्ञांनी अंदाज काढला की गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख माणसं जास्तीची मेली, खराब पाणी, भटकी कुत्री, रेबीज या वाटेनं. आता टाकलेल्या जनावरावर कुत्री येतात आणि त्याच रस्त्यानं पोरं शाळेला जातात.

आणि काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, धोका तर याहून वाईट. जनावर अचानक मेलं, नाकातोंडातनं काळपट रक्त आलं आणि ते गोठत नाही असं दिसलं तर त्याला फाडायचं नाही, कातडं काढायचं नाही, ओढत न्यायचंसुद्धा नाही. फाडलं की जंतूंना हवा लागते, त्यांचे बीजाणू तयार होतात आणि ते मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतात, पुढच्या पावसाळ्यात तिथलं गवत खाऊन दुसरं जनावर मरतं, आणि माणसालाही होतो हा रोग. अशा वेळी पोस्टमॉर्टेमही करत नाहीत, डॉक्टर रक्ताचा थेंब काचेवर घेतात. चारशे रुपयाच्या कातड्यासाठी सगळा माळ खराब करून घेऊ नका, एवढं कळकळीनं सांगतोय.

सरकारी पैशाचं बघा. २०२२ ला लंपी हा गुरांच्या कातडीचा रोग आला तेव्हा कर्नाटकानं मेलेल्या गाईला २०,०००, बैलाला ३०,०००, वासराला ५,००० दिले. 'अनुग्रह' योजनेत गाय, म्हैस, बैल मेला तर १०,००० मिळत होते, २०२५ च्या बजेटमध्ये ते १५,००० करायची घोषणा झाली. पुरात गेलं तर केंद्राच्या नियमानं दुभत्या जनावराला ३७,५००. हे सगळं चांगलंच आहे, खरं हे पैसे जनावराचे, आणि येतात महिन्यांनी. पुराच्या नियमात मेलेली जनावरं पुरायचा खर्चसुद्धा वेगळा मंजूर आहे. २०१९ च्या ऑगस्टात दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा सगळ्या पात्राबाहेर आल्या तेव्हाची अवस्था ज्यांनी बघितली त्यांना तो खर्च का लागतो ते सांगायला नको. पुरात मेलेल्या म्हशीच्या खड्ड्याला सरकार पैसे देतं मग घटसर्पानं मेलेल्या म्हशीचा खड्डा काय फुकट निघतो?

क्लेमचं एक सांगून ठेवतो. कानातला १२ आकडी टॅग नसला तर क्लेम नाही. म्हणून म्हैस मेली की आधी पुरायची घाई करू नका, १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरवर फोन करा नाहीतर दवाखान्यात कळवा, टॅग दिसेल असे फोटो काढा, पंचनामा आणि रिपोर्ट हातात घ्या, फॉर्म कन्नडात असतो तर भरून देणारा माणूस आधीच बघून ठेवा. यात एक दिवस जातो आणि तेवढा वेळ म्हैस दारात फुगत असते, हे आम्हाला माहीत आहे. ताडपत्री टाका, कुत्री येऊ देऊ नका.

खड्डा सहा फुटाच्या आत नको, विहीर, बोअर, ओढा यापासून लांब, खाली वर चुना, आणि अंगावर तीन फुटाच्या वर माती. ऊसपट्ट्यात अजून एक उपाय करता येईल, पाचट आणि बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) जाड थरात झाकून कंपोस्ट करायचं. आत उष्णता साठ अंशापर्यंत जाते, मोठ्या जनावराला सहा महिने लागतात, हाडं तेवढी उरतात. संसर्गानं मेलेल्याला हे चालत नाही, आणि वर झाकण नीट पाहिजे नाहीतर कुत्री उकरतात. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात बगॅस कमी नाही, एखाद्या गावानं करून बघायला हरकत नाही.

पैशाचंही अशक्य नाही. गावच्या डेअरीत दिवसाला हजार लिटर दूध येत असेल आणि लिटरमागं दहा पैसे बाजूला काढले तर दिवसाचे शंभर, वर्षाचे ३६,५००. साडेचार हजारानं आठ जनावरांची सोय होते, आणि बिनजमिनीच्या बाईला रात्री कुणाच्या पाया पडावं लागत नाही. जागा मात्र पंचायतीनंच द्यायला पाहिजे, अर्धा एकर उंचावरची, पाण्यापासून लांब, कंपाउंड केलेली. पुढच्या ग्रामसभेत हा विषय तोंडी बोलू नका, लेखी द्या, जागेच्या सर्व्हे नंबरसकट द्या, आणि पोच घ्या.