चुकलेल्या उत्तरापासून सुरुवात

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लिहून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन सर्वांना विनाशुल्क खुले झाले, आणि मुले आता गृहपाठ यंत्राकडूनच करून घेतील ही काळजी शाळाशाळांत सुरू झाली. काळजी खरी आहे. पण आज मी शिक्षकाच्या तयारीविषयी बोलणार आहे, कारण या साधनांचा मोठा लाभ मला तिथेच दिसतो.

१/२ अधिक १/३ बरोबर २/५ असे लिहिणारी मुले आपणा सर्वांच्या वर्गात असतात. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवताना त्यांनी पूर्ण संख्यांच्या बेरजेची रीत अपूर्णांकांना लावलेली असते, आणि त्यांच्या दृष्टीने त्यात काहीच वावगे नसते. चॅटजीपीटीला किंवा गूगलच्या तशाच जेमिनायला नुसते उत्तर विचारले तर ५/६ मिळेल. ते आपल्याला ठाऊकच आहे. त्याऐवजी मुलाने केलेली मांडणी जशीच्या तशी लिहा आणि विचारा, की हे मूल असा विचार का करत असेल, आणि आपली चूक त्याची त्यालाच दिसावी म्हणून मी त्याला काय विचारू? अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातल्यावर ती अर्ध्याहून कमी कशी होईल, असा एखादा प्रश्न त्यातून हाती लागतो, आणि पुढचा सगळा तास त्या एका प्रश्नावर उभा राहू शकतो.

यंत्राचे मराठी मात्र तपासून घ्यावे लागते. त्याला मिळालेला मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फार थोडा आहे, त्यामुळे छेदाच्या जागी हिंदीतला ‘हर’ किंवा लसाविच्या जागी ‘समापवर्त्य’ आले, तर पाठ्यपुस्तक वाचणारे मूल विनाकारण गोंधळते. यासाठी बालभारतीच्या संकेतस्थळावरून पुस्तकाची पीडीएफ विनामूल्य उतरवून घ्यावी आणि हवा तो धडा गूगलच्या नोटबुकएलएममध्ये चढवून त्यावर सराव प्रश्न मागावेत. हे साधन दिलेल्या मजकुराच्या आधारे उत्तर देते आणि कोणते विधान कोणत्या उताऱ्यावरून घेतले तेही दाखवते. तो उतारा उघडून ताडून पाहिल्याशिवाय सराव प्रश्न वर्गात नेऊ नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पैसे द्यावे लागत नाहीत म्हणून सावधगिरी सैल होऊ देऊ नका. आपण सेटिंगमध्ये नकार दिला नाही, तर विनाशुल्क खात्यात लिहिलेला मजकूर पुढे यंत्राला शिकवण्यासाठी वापरला जाऊ शकतो. मुलाच्या वहीचे छायाचित्र चढवण्याआधी त्याचे नाव, शाळेचे नाव आणि हजेरी क्रमांक कागदाने झाकावा. चूक समजून घेण्यासाठी ती कोणाची आहे हे यंत्राला कळण्याची गरज नाही. ते आपल्याला माहीत असते, आणि भाकरीचा प्रश्न घेऊन त्या मुलाच्या बाकाजवळ आपल्यालाच जायचे असते.